हुबेहूब चित्र आणि खरें चित्र

एखाद्या चित्राची स्तुति करावयाची झाली म्हणजे आपल्या सुशिक्षित घरांतून एक शब्द हमखास ऐकूं येतो. तो म्हणजे 'हुबेहूब'. दिवाणखान्यांतील आजोबांची तसबीर हुबेहूब, मूर्तिकारानें घडविलेला गौरीचा मुखवटा हुबेहूब, आणि रविवर्म्याची लक्ष्मी तर अगदींच हुबेहूब! लक्ष्मीस कोणीं पाहिलें होतें म्हणून ती हुबेहूब ठरावी, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. ह्या एका शब्दानें आपण नक्की कशाची वाखाणणी करतों, तें उलगडून पाहण्याचा आमचा विचार आहे. एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील चित्रकारांत जो मोठा कलह माजला तो ह्याच प्रश्नाभोंवतीं होता. त्या कलहांतील काय काय आमच्या मुंबई-ठाणें-कल्याणच्या पट्ट्यापर्यंत पोंचलें व काय वाटेंतच राहिलें, हें पाहण्यासारखें आहे.

आपल्याकडे ही कसोटी फारशी जुनी नाहीं. जुन्या पोथ्यांतील चित्रें किंवा वाड्यांच्या भिंतींवरील चित्रें काढणाऱ्यांनीं देव देवासारखा व राजा राजासारखा दाखविला कीं त्यांचें काम झालें. पुढें सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगींतून १८५७ सालीं मुंबईंत कलाशाळा निघाली. तेथें विद्यार्थ्यांपुढें ग्रीक पुतळ्यांचे प्लॅस्टरचे ठसे ठेवीत. अंगावर उजेड कोठें पडतो, सावली कोठें दाटते, दूरची वस्तु किती लहान दिसते, ह्याचें शिक्षण कडक शिस्तीनें देत. आमच्या मुलांनीं ही विद्या झपाट्यानें हस्तगत केली. १८९५ सालीं महादेव विश्वनाथ धुरंधर यांना बाँबे आर्ट सोसायटीचें सुवर्णपदक मिळालें. पुढच्याच वर्षीं गणपतराव म्हात्रे या अगदीं तरुण विद्यार्थ्यानें 'मंदिरपथगामिनी' हा प्लॅस्टरचा पुतळा घडविला. नऊवारी नेसून देवळास निघालेल्या त्या महाराष्ट्रीय तरुणीविषयीं बंगाल्यांत खुद्द रवींद्रनाथांनीं कौतुकानें लिहिलें. तिच्या लुगड्याच्या चुण्या ज्यांनीं पाहिल्या असतील, त्यांना त्यांत ग्रीक ठशांचें शिक्षण व आपल्या घरांतील बाईची चाल हीं दोन्ही एकत्र दिसलीं असतील.

परंतु ही विद्या मुंबईस आली त्या वेळीं तिच्या माहेरींच तिच्याविरुद्ध बंड उभें राहिलें होतें, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगितली नाहीं. गुस्ताव्ह कुर्बे या फ्रेंच चित्रकारानें १८४९ सालीं रस्त्यावर खडी फोडणारे दोन मजूर रंगविले, एक म्हातारा आणि एक पोर. दोघांचींही तोंडें नीट दिसत नाहींत. दिसतात तीं फाटकीं बंडी व झिजलेले जोडे. (हें चित्र दुसऱ्या महायुद्धांत १९४५ सालीं नष्ट झालें.) त्याच सुमारास त्यानें आपल्या ओर्नां गांवांतील एक दफनविधि सुमारें बावीस फूट लांबीच्या कापडावर काढला आणि त्यासाठीं गांवांतलींच माणसें समोर उभीं केलीं. पॅरिसचे टीकाकार खवळले. माणसें बेढब आहेत, असा ओरडा झाला. पण खरी बोंच निराळी होती. एवढें मोठें कापड राजे, सेनापति व संत यांच्यासाठीं राखीव असे. तें या खेडुतांना कां द्यावें?

मुंबईची कलाशाळा उघडली त्याच १८५७ सालीं मिले यानें पॅरिसच्या प्रदर्शनांत कापणीनंतर शेतांत सरवा वेंचणाऱ्या तीन बायकांचें चित्र मांडलें. मागें धान्याच्या गंज्या रचल्या आहेत, आणि पुढें ह्या तिघी पडलेलीं कणसें टिपीत वांकल्या आहेत. त्यांत भांडण नाहीं कीं आक्रोश नाहीं. तरी पाहणारे धनिक अस्वस्थ झाले. आमच्या मतें ह्या चित्रकारांचा मुख्य प्रश्न चित्र कोणासारखें दिसतें हा नव्हता. चित्रांत कोणाला घ्यावयाचें, हा होता. आमच्याकडे हात आला तो आधींच्या मंडळींचा; हा प्रश्न त्याबरोबर आला नाहीं.

धुरंधरांचेंच उदाहरण घ्या. त्यांच्या हाताविषयीं आम्हांस नितांत आदर आहे. १९२० सालीं निघालेल्या ऑटो रॉथफील्ड यांच्या हिंदुस्थानांतील स्त्रियांवरील इंग्रजी पुस्तकासाठीं त्यांनीं नाना जातींच्या व प्रांतांच्या बायका रंगविल्या. लुगड्याची तऱ्हा, दागिन्याचा घाट, उभें राहण्याची ढब, कशांतही चूक काढतां येणार नाहीं. तरीही ती बाई अमुक जातीचा नमुना म्हणूनच उभी राहते. तिला नांव नसतें, घर नसतें, दमणूक नसते. ओर्नांच्या दफनविधींतील म्हाताऱ्या कांहीं सुंदर नाहींत, पण त्यांची गांवांत ओळख आहे. मुरबाड-शहापूरकडे भातकापणीनंतर खाचरांतून लोंब्या वेंचणारी बाई आपल्यापैकीं अनेकांनीं पाहिली असेल. तिला बावीस फूट कापड कोणीं दिल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

कलहाचा दुसरा अंक उजेडाविषयींचा. १८३९ नंतर छायाचित्राची कला पसरली आणि हुबेहूबपणा यंत्रानेंच साधूं लागला. मग चित्रकारानें करावें काय? मोने व त्याच्या मित्रांनीं १८७४ सालीं पॅरिसमध्यें स्वतंत्र प्रदर्शन भरविलें. त्यांचें म्हणणें असें कीं, वस्तु डोळ्यांना दिसते ती उजेडामुळें, आणि उजेड तर घटकेघटकेला पालटतो. तेव्हां तो पालटच रंगवावा. एका टीकाकारानें मोनेच्या सूर्योदयाच्या चित्रावरून त्यांना चेष्टेनें 'इंप्रेशनिस्ट' म्हटलें व तेंच नांव चिकटलें. १८७७ सालीं मोनेनें पॅरिसचें एक रेल्वेस्टेशन पुनःपुन्हां रंगविलें. त्यांत इंजिनापेक्षां वाफच अधिक आहे. आमच्या ठाण्यास आगगाडी १८५३ सालीं आली आणि कल्याणास १८५४ सालीं. म्हणजे वाफ आमच्याकडे पुष्कळ आधीं होती! खाडीवरचा आषाढांतला करडा उजेडही होता. मात्र पावसाळी हवेंतली घटकेची चित्रें पाहावयाचीं तर कोल्हापुराकडे वळावें लागतें. आबालाल रहिमान मुंबईच्या कलाशाळेंत शिकून तेथें परतले आणि १९३१ सालीं निधन होईपर्यंत त्यांनीं कोटितीर्थाचें पाणी व पंचगंगेचा कांठ यांचा पिच्छा सोडला नाहीं.

आतां पुन्हां आपल्या भागांत येऊं. कल्याणांत बालपण गेलेले शिल्पकार सदाशिव साठे (१९२६–२०२१) यांचें शिल्पालय डोंबिवलीस आहे. साठे ज्या परंपरेंतले ती सादृश्याचीच. पण त्यांचीं दोन कामें शेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे आमच्या आरंभींच्या शब्दाची मोठी पंचाईत होते. दिल्लीच्या चांदनी चौकाच्या भागांतला गांधीजींचा पुतळा त्यांनीं वयाच्या तिशीच्या आंत केला. त्या वेळीं गांधीजींना डोळ्यांनीं पाहिलेलीं लक्षावधि माणसें हयात होतीं. खांद्याचा उतार जरासा चुकता तरी रस्त्यावरच्या हमालानेंही तो दाखवून दिला असता. उलट गेटवेपाशीं १९६१ सालीं बसविलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा. तेथें जुळवून पाहण्यास जुन्या चित्रांपलीकडे कांहीं नाहीं. तरी त्यासही लोक हुबेहूबच म्हणतात! पहिल्यांत शिल्पकार पाहिलेल्या माणसाला उत्तरदायी आहे, दुसऱ्यांत मनांत बसलेल्या मूर्तीला. आमच्या मतें दुसरें काम अधिक जोखमीचें, कारण तेथें चूक दाखविणारा साक्षीदार नसतो आणि सर्व निर्णय आपल्याच माथीं येतात.

डोंबिवलीस शिल्पालय पाहावयास जाणाऱ्या वाचकांनीं, मुलांबाळांनाही बरोबर नेऊन, चेहरे समोरून ओळखून झाल्यावर एकदां जवळ जाऊन बाजूनेंही पाहावेत. मूळ काम मातींत झालेलें असतें, आणि मातीवर फिरलेल्या अंगठ्याची खूण पुष्कळदां धातूच्या ओतकामांतही तशीच उतरते.