क्षेत्र तेवढेच, वाटा वेगळ्या

बँकेत असताना जमिनीच्या तारणाचे प्रकरण आले, की मी आधी सातबारा पाही. गट नंबर, नाव, क्षेत्र, बोजा, झाले. परवा अंबरनाथ पूर्वेच्या पालेगावात गेलो, तेव्हा त्या क्षेत्राच्या रकान्यावरून एक गणिती सिद्धान्त आठवला.

संत्र्याची साल टेबलावर सपाट करून पाहा. ती फाटते, नाहीतर ताणली जाते. गोलाचा लहानसा तुकडाही अंतरे न बिघडवता कागदावर उतरत नाही, हे गाउसने १८२७ मध्ये दाखवले. पण अंतराचा हट्ट सोडून फक्त क्षेत्रफळ राखायचे म्हटले तर? मग कोणत्याही वक्र पृष्ठभागाचा छोटा तुकडा बिनचूक उतरतो.

फ्रेंच गणितज्ञ गास्ताँ दार्बू यांचा १८८२ चा सिद्धान्त याहून व्यापक आहे. लोकल कुठे आहे आणि तिचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, किती, अशा जोड्या घ्या. अशा कितीही जोड्या असोत. त्यांतून मोजायच्या क्षेत्रफळाची जी भूमिती बनते, तिचा प्रत्येक छोटा तुकडा दुसऱ्यासारखाच असतो. जवळून पाहून कोणता कुठला, हे सांगता येत नाही.

याच्या उलट प्रश्न आपल्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी हाताळला. इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण १९०७ साली गोव्यात जन्मलेले कोसंबी मुळात गणिती. अंतरे ठाऊक नाहीत, फक्त वाटा ठाऊक आहेत. त्यावरून जागेची ओळख पटेल का? त्यांचा निबंध १९३३ मध्ये जर्मनीत छापला गेला आणि थोर गणिती एली कार्तां यांनी त्यावर टिपण लिहिले. उत्तर होते : पटते. वाटांना स्वतःच्या खुणा असतात, अगदी छोट्या तुकड्यातही. पुढे कोसंबी पुण्याहून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डेक्कन क्वीनने जात. ती गाडी अंबरनाथवरूनच जाते.

पालेगावात आता उंच इमारती आहेत. एक आजोबा काठीने दाखवत म्हणाले, "हितून वढ्याकडं पायवाट व्हती." तिथे कंपाउंडची भिंत होती.

कागदावरचे क्षेत्र गुंठ्यापर्यंत जुळत असेल. त्याच आकड्यावर मी आयुष्यभर कर्जे मंजूर केली. वाट कुठून जाते, हे मात्र कधी विचारले नाही.