जसे पाणी, तसा मासा

गेल्या आठवड्यात एक सासूबाई आपल्या पाच महिन्यांच्या गरोदर सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या. "डॉक्टर, माशांत पारा असतो असं कुणीतरी मोबाईलवर पाठवलंय. हिचे मासे मी बंद केलेत. बरं केलं ना?" सूनबाई खाली मान घालून बसली होती. वजन म्हणावे तसे वाढले नव्हते. मासे गेले आणि ताटात वरणभातच उरला. मी म्हटले, "मावशी, सगळे मासे बंद करू नका. कोणते खायचे, ते समजून घ्या."

वाचकहो, मुळात हे धातू माशात येतात कसे, ते आधी पाहू.

ढोमा साफ करताना त्याच्या डोक्यात दोन पांढरे खडे सापडतात. ते त्याच्या कानातले खडे. पिल्लू अंड्यात असतानाच ते तयार होऊ लागतात आणि लहानपणी त्यांवर रोज कॅल्शियमचा एक बारीक थर चढतो. पाण्यातले स्ट्रॉन्शियम, बेरियम यांसारखे धातूही अगदी थोड्या प्रमाणात त्या थरात अडकतात. असा खडा तपासून माशाचे बालपण नदीत गेले की समुद्रात, हे शास्त्रज्ञ सांगू शकतात. पाण्यात जे विरघळलेले असते, त्याची नोंद माशाच्या अंगात अशी पहिल्या दिवसांपासून होते.

अंडे पाण्यात पडले की पाणी शोषून फुगते व त्याचे कवच टणक होते. हे कवच काही धातू स्वतःला चिकटवून घेते, सगळे आत जाऊ देत नाही. पिल्लू बाहेर आले की हे संरक्षण संपते. तेव्हा ते जेमतेम काही मिलिमीटरचे असते आणि कल्ले पुरते तयार नसतात. कातडीच्या व पोटाखालच्या बलकाच्या पिशवीवरच्या खास पेशी पाण्यातून क्षार व कॅल्शियम ओढून घेतात. पुढे हे काम कल्ल्यांकडे जाते.

घोटाळा इथेच होतो. कॅडमियम हा विषारी धातू कॅल्शियमच्याच दारातून आत शिरतो. पेशीला फरक कळत नाही. जड पाण्यात कॅल्शियम भरपूर असल्याने दाराशी त्याचीच गर्दी होते आणि कॅडमियमला कमी वाव मिळतो. मऊ पाण्यात मात्र धोका वाढतो.

काही द्रव्ये आईकडूनही येतात. सेलेनियम शरीराला हवेच, पण अत्यल्प. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातील बेल्यूज तलावात १९७० च्या दशकात कोळशाच्या वीजकेंद्राच्या राखेचे पाणी सोडले जाई. त्यातील सेलेनियम माद्यांच्या अंगातून बलकात उतरले. पिल्ले वाकड्या कण्याची निपजली आणि तलावातील माशांच्या बहुतेक जाती नाहीशा झाल्या.

पाऱ्याची वाट थोडी निराळी. चिखलातले जंतू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. तो बारीक जीवांतून लहान माशात व लहान माशातून मोठ्या माशात साठत जातो. जपानमधील मिनामाता येथे तर कारखान्यातून थेट मिथिल पाराच खाडीत जात होता. १९५६ साली तिथल्या विचित्र आजाराची अधिकृत नोंद झाली. मातांना फारसा त्रास नसतानाही त्यांची मुले गंभीर मेंदूविकार घेऊन जन्मली, कारण हा पारा वारेतून गर्भापर्यंत जातो.

आता सल्ला. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आठवड्यातून दोनतीनदा तारली, बांगडा, मांदेली, बोंबील असे लहान मासे जरूर खावेत. त्यांतून प्रथिने, आयोडीन व बाळाच्या मेंदूला लागणारी स्निग्धे मिळतात. मुशी, तलवार मासा आणि फार मोठी सुरमई या काळात टाळावी. धुऊन, शिजवून वा तळून पारा जात नाही. कॅडमियम यकृतात व मूत्रपिंडात साठते, म्हणून माशाच्या पोटातला भाग काढून टाकावा. कारखान्याच्या किंवा गटाराच्या पाण्यातले मासे कुणीच खाऊ नयेत.

शेवटचे आपल्या हातातले. पाऱ्याचे फुटलेले थर्मामीटर आणि जुने सेल ओढ्यात किंवा गटारात फेकू नका. ते वेगळे ठेवून घातक कचरा म्हणूनच द्या. ओढ्याचे पाणी खाडीला मिळते आणि तिथेच माशांची पिल्ले वाढतात.

सासूबाई जाताना म्हणाल्या, "म्हणजे आज बांगडा आणू?" मी म्हटले, "आणा मावशी. आणि मोठा तुकडा सुनेला वाढा."