डायल-पीअर शून्य: न दिसणारा यजमान

ऑफिसच्या फोन यंत्रणेत कॉल आला, पण राऊटरमध्ये त्याच्यासाठी एकही नियम, म्हणजे 'डायल-पीअर', लिहिलेला नाही. कॉल तुटेल? सिस्कोच्या व्हॉइस राऊटरवर नाही! तिथे त्याला उतरवून घेतो 'डायल-पीअर शून्य'. त्याच्या या सात गमती.

१. आधी बाकीची दारे. कोणता नंबर फिरवला? कोणी फिरवला? फोन लाइनचा कॉल असेल तर कोणत्या पोर्टवर आला? कुठेच जुळले नाही, तरच शून्याची पाळी.

२. यादीत नाव नाही. कॉन्फिगरेशनमध्ये तो दिसत नाही. बदलताही येत नाही, पुसताही येत नाही. चालू कॉलच्या नोंदीत 'पीआयडी:०' (पीअर क्रमांक शून्य) दिसले, की समजावे हाच तो.

३. धर्मशाळेचा थाट. छप्पर मिळते, अंथरूण नाही. कोडेक, म्हणजे आवाजाचे डिजिटल रूप करण्याची पद्धत, कोणतीही चालते. पण आवाजाच्या पॅकेटना प्राधान्य मिळत नाही. शांततेची पॅकेट गाळणारे 'व्हॅड' चालूच राहते. बोलण्याचे पहिले अक्षर कधी गिळले जाते, ते त्यामुळेच.

४. 'मराठीसाठी एक दाबा' अडते. बटणांचे सूर वेगळे पाठवण्याची सोय इथे मिळत नाही, ते आवाजातूनच जातात. जी.७११ हा कोडेक आवाजाला सेकंदाला ६४ किलोबिट देतो, जी.७२९ फक्त ८. एवढ्या दाबणीत सूर बिघडू शकतात आणि 'एक' पोचत नाही.

५. पुन्हा डायल टोन! फोन लाइनवरून आलेला कॉल शून्यावर पडला, की थेट एक्स्टेन्शनला जात नाही. कॉल करणाऱ्याला दुसरा डायल टोन ऐकू येऊ शकतो.

६. जाताना कोणी वाली नाही. बाहेर जाणाऱ्या कॉलसाठी असा शून्य नाहीच. नियम जुळला नाही, की कॉल तुटला.

७. चोरांनाही दार उघडे. अनोळखी आयपीवरून आलेले कॉलही पूर्वी सहज आत घेतले जात आणि परदेशी कॉलचे बिल मालकाच्या माथी बसे. राऊटरच्या आयओएस प्रणालीच्या १५.१(२)टी आवृत्तीपासून विश्वासू पत्त्यांची यादी आली. यादीबाहेरच्याला नकार मिळतो.

उपाय छोटा आहे. आयपी आणि फोन लाइन, दोन्ही बाजूंना स्वतःचा डायल-पीअर लिहा आणि येणाऱ्या नंबरच्या जागी एक टिंब द्या. सिस्कोच्या भाषेत टिंब म्हणजे 'कोणताही आकडा'. त्या एका टिंबाने प्रत्येक पाहुण्याला हक्काची खोली मिळते!