हापशाला लोंबकळणारी पोरं

मैदानांवरची पाण्याची खेळणी म्हटली की ठरलेली: कारंजी, घसरगुंड्या, भरली की आपोआप कलंडणारी बादली. गोराईच्या वॉटर किंगडममध्ये १९९८ पासून लोक याच मजेसाठी तिकीट काढतात. पण आसनगावला गाडीतून उतरून शहापूर-मुरबाडच्या पाड्यांकडे वळलं, की पोरांचं पाण्याचं खेळणं म्हणजे हापसा. बाई हंडा भरून निघाली रे निघाली, की दोघं दांड्याला लोंबकळतात आणि तिसरं तोटीखाली डोकं घालतं.

कागदोपत्री त्याचं नाव इंडिया मार्क टू. माहेर मात्र महाराष्ट्रातलं. पूर्वीचे ओतीव लोखंडाचे पंप परदेशातल्या एखाद्या शेतकरी कुटुंबाच्या अंगणासाठी घडवलेल्या पंपांच्या नकला होत्या. अख्खं गाव हापसायला लागलं की मोडायचे. १९६० च्या दशकात जालन्याच्या मिशनमधल्या लोकांनी पोलादी पंप करून पाहिला. पुढे सोलापुरात ऑस्कर कार्लसन या स्वीडिश मेकॅनिकने तो सुधारला. सत्तरच्या दशकात युनिसेफ, सरकार आणि रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीने त्याच सोलापुरी पंपावरून मार्क टू घडवला.

खरी गंमत झाकणाखाली आहे. दांड्याच्या आतल्या टोकाला चाकाचा चतकोर तुकडा जोडलेला असतो. त्यावरून मोटरसायकलच्या चेनसारखी साखळी उतरते आणि साखळीला खाली बोअरमध्ये गेलेली सळई. दांडा कमानीत फिरतो, तरी चतकोरामुळे सळई ओळंब्यात सरळच वर येते. जुन्या पंपांत ती प्रत्येक हेलकाव्याला तिरकी ओढली जायची, घासायची, तुटायची. साखळीला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही; सळई परत खाली जाते ती स्वतःच्या वजनाने. दांडा जोरात वर फेकला तर साखळी क्षणभर सैल पडते आणि झटका बसतो. पोरांना नेमका तोच झटका आवडतो.

दांड्याची तरफ साधारण एकास आठ. सळईच्या टोकाशी पाणी उचलणारा सिलिंडर तीस मीटर खोल धरला तर पाणी आणि सळया मिळून सव्वाशे किलोंच्या आसपास भार. भागिले आठ, म्हणजे पंधरा-सोळा किलो. वीस किलोंचं पोर नुसतं लटकलं तरी दांडा खाली येतो!

मग खेळातूनच गावाचं पाणी का काढू नये? दक्षिण आफ्रिकेत हे करून पाहिलं गेलं. प्लेपंप म्हणजे मुलांनी गोल फिरवायचं चक्र, त्याला जोडलेला पंप आणि उंचावर टाकी. २००६ मध्ये अमेरिकेतून १.६४ कोटी डॉलर जाहीर झाले, चार हजार पंपांचं लक्ष्य ठरलं. २००९ मध्ये ‘गार्डियन’ने हिशेब मांडला: ठरवलेलं पाणी द्यायला मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल. शाळा सुटल्यावर ते चक्र बायकाच ढकलत राहिल्या. एका प्लेपंपाच्या पैशात चार हातपंप बसले असते, असं वॉटरएड या संस्थेचं म्हणणं. हापसा या बाबतीत प्रामाणिक वाटतो. तो कामासाठीच केला; खेळ त्यात पोरांनी घुसवला.

त्याचं दुखणं वेगळं. सिलिंडरमधला वॉशर झिजला की पाणी कमी येतं, आणि वॉशर बदलायचा तर सगळ्या लोखंडी नळ्या उपसाव्या लागतात. पंचेचाळीस मीटरच्या नुसत्या नळ्यांचं वजन सव्वाशे किलोंच्या पुढे. ते पान्याने होत नाही. तिकाटणं, क्लॅम्प आणि चार दणकट माणसं लागतात. नळ्या न काढता वॉशर बदलता येईल असा मार्क थ्री नंतर आला, पण त्याला वरपासून रुंद नळ्या लागतात आणि त्या महाग.

आणि वॉशर नवा असला तरी बोअरमध्ये पाणी हवं. याच शहापूर तालुक्यातलं तानसा धरण १८९२ पासून मुंबईची तहान भागवतंय, भातसाही तिकडेच वाहतं, आणि तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. कातळाच्या भेगांत पाणी मुरतं थोडं, टिकतं त्याहून कमी. मे महिन्यात पातळी सिलिंडरच्या खाली गेली की दांडा एकदम हलका लागतो, खडखडतो, तोटीतून नुसती हवा. बायका हंडे घेऊन टँकरच्या रांगेत जातात. पोरं मात्र दांडा सोडत नाहीत. कोरडा हापसा लटकायला आणखी सोपा.