अंधारात वाचायचा मजकूर

घड्याळाच्या काट्यांवरचा किरणोत्सारी रंग बाद करता यावा म्हणून जपानच्या नेमोतो कंपनीने १९९३ मध्ये नवा पदार्थ आणला : स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट, त्यात किंचित युरोपियम आणि डिस्प्रोशियम. दिवा विझल्यावरही त्याचा हिरवा उजेड तासन्‌तास टिकतो. श्रेय स्फटिकातल्या दोषांचं. उत्तेजित इलेक्ट्रॉन तिथे अडकतात आणि नेहमीच्या तापमानालाही हळूहळू सुटत राहतात.

हे सापळे मुद्दाम खोल केले, तर इलेक्ट्रॉन सहजी निसटत नाहीत. मग अतिनील प्रकाशाने मजकूर ‘लिहायचा’ आणि हवा तेव्हा उष्णता किंवा अवरक्त किरण देऊन वाचायचा. गोम अशी, की वाचताना सापळे रिकामे होत जातात. मजकूर वाचता वाचताच पुसट होतो. गुपितासाठी हे पथ्यावरच पडतं म्हणा!

असा मजकूर बारीक लिहायचा तर खरी डोकेदुखी कणांच्या आकाराची. हा पदार्थ हजार अंशांहून तप्त भट्टीत बनतो, कण जाडसर होतात आणि दळून बारीक केले की चमक मंदावते. म्हणून क्रोमियम घातलेल्या झिंक गॅलेटचे नॅनोकण पाण्यात, बंद दाबपात्रात थेट वाढवतात. त्यांची चमक गडद लाल ते अवरक्त. डोळ्यांना जेमतेम जाणवणारी, कॅमेऱ्याला मात्र स्वच्छ दिसणारी.