दुधव्याच्या तराईतील पक्षीमहोत्सव

हिमालयाच्या पायथ्याशी, नेपाळच्या सीमेला लागून असलेल्या सखल, ओलसर भूभागास तराई असे म्हणतात. उत्तर प्रदेशातील लखीमपूर खीरी जिल्ह्यात या तराईचा एक मोठा तुकडा दुधवा राष्ट्रीय उद्यानाच्या रूपाने आजही टिकून आहे. सालवृक्षांचे घनदाट अरण्य, मधूनमधून पसरलेली उंच गवताची मैदाने आणि नद्यांनी मागे ठेवलेले ताल, म्हणजेच सरोवरे, हे या उद्यानाचे तीन मुख्य घटक होत. १९७७ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झालेल्या या वनात चारशेहून अधिक जातींचे पक्षी आढळतात. त्यामुळेच राज्य शासनाने २०१५ मध्ये चंबळच्या खोऱ्यात सुरू केलेला पक्षीमहोत्सव फेब्रुवारी २०१८ मध्ये दुधवा येथे भरविण्यात आला, तेव्हा देशविदेशांतील पक्षीनिरीक्षकांचे लक्ष या दूरच्या अरण्याकडे वेधले गेले.

पक्षीमहोत्सव म्हणजे जत्रा नव्हे. त्याचा दिवस सूर्योदयापूर्वी सुरू होतो. जाणकार मार्गदर्शकासह लहान लहान गट वनात जातात, दिसलेल्या व केवळ आवाजावरून ओळखलेल्या पक्ष्यांची नोंद करतात. दुपारी व्याख्याने व छायाचित्रांची प्रदर्शने होतात आणि उन्हे कलल्यावर पुन्हा निरीक्षण सुरू होते. या नोंदी केवळ छंदाची वही भरण्यासाठी नसतात. तारीख, स्थळ आणि संख्या यांसह ठेवलेली नोंद वर्षानुवर्षे साठत गेली, की कोणती जात वाढते आहे आणि कोणती ओसरते आहे, याचा ताळेबंद अभ्यासकांना मांडता येतो.

फेब्रुवारी महिना निवडण्यामागेही कारण आहे. उत्तरेकडील थंड प्रदेशांतून आलेले पट्टकादंब, चक्रवाक, थापट्या, तलवार बदक इत्यादी पाहुणे या काळात अद्याप परतलेले नसतात. महाराष्ट्रात आज मुख्यत्वे गोंदिया परिसरातच दिसणारा सारस हा उत्तर प्रदेशाचा राज्यपक्षी असून, तराईतील पाणथळींत व भातखाचरांत त्याच्या जोड्या सहज दृष्टीस पडतात.

तथापि दुधव्याचे खरे वैशिष्ट्य म्हणजे बंगाल फ्लोरिकन. आपल्याकडील माळरानांवरील तणमोराचा हा थोरला भाऊबंद. भारत, नेपाळ आणि कंबोडिया एवढ्याच देशांत आता त्याचे अस्तित्व उरले असून, जगभरात त्याचे प्रौढ पक्षी दीड हजारांहूनही कमी असावेत, असा अंदाज आहे. अतिसंकटग्रस्त जातींत त्याची गणना होते. वसंतात काळ्या-पांढऱ्या रंगाचा नर गवतातून एकाएकी हवेत उसळतो, क्षणभर तरंगतो आणि पुन्हा खाली उतरतो. मादीस आकृष्ट करण्याची ही त्याची रीत. एरवी तो गवतात असा लपून राहतो, की शेजारून गेलेल्यासही त्याचा पत्ता लागू नये.

या पक्ष्याचे भवितव्य गवतावर अवलंबून आहे आणि तेथेच खरी अडचण आहे. गवत कधीच कापले वा जाळले नाही, तर झुडपे व झाडे मैदान व्यापून टाकतात. म्हणून हिवाळ्यात गवत नियंत्रित रीतीने जाळले जाते. कोवळे अंकुर फुटतात, त्यावर बाराशिंगे चरतात आणि फ्लोरिकनच्या नरास आपले नृत्य दाखविण्यासाठी मोकळी जागा मिळते. परंतु हेच जाळणे लांबले, तर जमिनीवर घातलेली अंडी आगीत सापडतात. काही आठवड्यांच्या अंतराने उपाय अपायकारक ठरतो. शिवाय उद्यानाच्या सीमेपलीकडील गवताळ जमिनी शेतीखाली गेल्या असून सभोवार उसाचे मळे पसरले आहेत. पक्ष्यास मात्र उद्यानाची सीमा ठाऊक नसते.

म्हणूनच केवळ वनखात्याच्या बळावर हे रक्षण होणे कठीण आहे. उद्यानाच्या परिसरात थारू जमातीची गावे आहेत. पिकाची हानी, वन्य श्वापदांचे भय आणि वनातील निर्बंध हे त्यांच्या वाट्याला येतात. वनाचा लाभ मात्र बहुधा इतरांना मिळतो. महोत्सवासारख्या उपक्रमांतून हा हिशेब काही अंशी बदलू शकतो. पक्षी ओळखणारा स्थानिक तरुण मार्गदर्शक होऊ शकतो, गावातील घरात पाहुण्यांची सोय होऊ शकते आणि थारू स्त्रियांच्या हस्तकलेस ग्राहक लाभू शकतो. १९९२ मध्ये नाबार्डने सुरू केलेल्या बचतगट-बँक जोडणीसारख्या योजनांची अशा ठिकाणी खरी कसोटी लागते. मात्र तीन दिवसांच्या वर्दळीने वर्षाचा चरितार्थ चालत नाही. महोत्सव संपल्यावरही पर्यटकांनी यावे आणि त्यांचा पैसा गावात राहावा, हे महत्त्वाचे.

दुधव्यास जाऊ इच्छिणाऱ्यांनी पावसाळ्यात उद्यान बंद असते, हे ध्यानात ठेवावे. भडक रंगाचे कपडे टाळावेत, दुर्बीण जवळ असावी, पक्ष्यास बोलावण्यासाठी ध्वनिमुद्रित आवाज वाजवू नये आणि घरट्याजवळ जाऊ नये. शक्यतो स्थानिक मार्गदर्शकच घ्यावा.

ठेवीतील व्याजावर निर्वाह करावा, मुद्दलास हात लावू नये, हा व्यवहारातील जुना दंडक आहे. तराईचे गवत हे असेच एक मुद्दल होय. ते शाबूत राहिले, तरच पुढील वसंतात त्यातून एखादा फ्लोरिकन पुन्हा उसळी घेताना दिसेल.