बिनशेंदराचे दगड



दगडाविषयी घोटीकरांना आम्ही काही सांगावे, हे थोडे धाडसाचेच आहे. दक्षिणेकडे मान वळवावी, तो कळसूबाई. म्हणजे १६४६ मीटर उंचीचा सगळा दगडच. भाताचे खाचर करावयाचे तर आधी दगड वेचायचे आणि मग त्याच दगडांचा बांध रचायचा. आगगाडी आली ती घाटाचा दगड फोडून, आग्रा रस्ता झाला तोही दगड फोडून. इतक्या दगडांत उगवलेल्या माणसांपुढे पुन्हा दगडाचेच पुराण लावायचे, म्हणजे गिरणीवाल्याला तांदूळ दाखवण्यासारखे झाले.

परंतु आज ज्या दगडांविषयी आम्ही बोलणार आहो, त्यांची जात निराळी आहे. हे दगड माणसाने मुद्दाम आणले, जागा पाहून मांडले किंवा उभे केले. पण त्यांवर अक्षर नाही, मूर्ती नाही, आणि कोणी शेंदूरही लावलेला नाही. मांडणाऱ्यांना लिहिण्याची कला अवगत असल्याचा काही पुरावा नाही. अडीच-तीन हजार वर्षे हे दगड रानात पडून होते, तोवर त्यांचे बरे चालले होते. आता शहर वाढत वाढत त्यांच्या दारात आले आहे.

प्रथम आपल्या ओळखीचे दगड बाजूला काढू, म्हणजे घोटाळा होणार नाही. देवळाच्या आवारात जे उभे चौकोनी दगड असतात, ज्यांवर खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि शिखराशी सूर्यचंद्र कोरलेले असतात, ते वीरगळ. बांगड्यांनी भरलेला, कोपरात वाकवलेला हात असला तर ती सतीशिळा. दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी देणारा तो गधेगळ. शिवेवरचा दगड सीमेचा. डोंगरातल्या महादेव कोळी वस्त्यांतून वाघबारशीला ज्याची पूजा होते तो वाघोबा. या सर्वांना नाव आहे आणि त्यांची विचारपूस करणारा कोणी ना कोणी आहे. वयानेही ते मानाने तरुणच. वीरगळ बहुतेक हजार वर्षांच्या आतबाहेरचे. आम्हांला जायचे आहे ते याच्या पलीकडे, लोखंड नवे होते त्या काळात.

विदर्भात अशा दगडांची जशी दाटी आहे, तशी आपल्या नाशिक जिल्ह्यात नाही. म्हणून आपल्याला नागपुरास जावे लागेल. सुदैवाने तिकडे जाण्याचा रस्ता आता आपल्या तालुक्यातूनच निघतो. ५ जून २०२५ रोजी संपूर्ण खुला झालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग नागपूरजवळ शिवमडका येथे सुरू होतो. हे गाव हिंगणा तालुक्यात येते, आणि त्याच तालुक्यात रायपूर या गावी पुरातत्त्वज्ञांनी खणलेली शिळावर्तुळे आहेत.

शिळावर्तुळ म्हणजे काय? दोघा-चौघांना हलणार नाहीत अशा काळ्या दगडांचे गोल रिंगण. लहान रिंगण वीस-पंचवीस फुटांचे, मोठे पन्नास फुटांच्याही पुढचे. मधली जमीन किंचित फुगलेली. प्रथम पाहणाऱ्याला वाटते की, कोणी खळे केले होते आणि मोडून गेले. हे रिंगण म्हणजे थडगे आहे. आत मृताच्या अस्थी व त्याच्या वस्तू ठेवल्या, वर चिकण काळी माती दाबली, तिच्यावर गोटे आणि मुरूम लोटला व सभोवार मोठाल्या शिळा मांडल्या. कित्येक ठिकाणी सबंध सांगाडा मिळत नाही, निवडक हाडेच मिळतात. त्यावरून असे दिसते की, देह आधी अन्यत्र ठेवून मागाहून अस्थी येथे आणीत असावेत.

नागपूर शहराच्या वायव्येस काटोल रस्त्यावर जुनापाणी म्हणून ठिकाण आहे. तेथे आणि आसपास मिळून सुमारे तीनशे वर्तुळांची नोंद झालेली आहे. एके काळी हे शहरापासून दूरचे माळरान होते. आज गोरेवाड्याकडून वस्ती त्या बाजूला सरकत गेली आहे आणि भरधाव वाहतूक त्या दगडांजवळून जाते. पुष्कळ नागपूरकर त्या रस्त्याने आयुष्यभर गेले असतील. पण थांबून पाहिलेले थोडे. त्यांना तरी दोष कसा द्यावा? अजिंठ्याचे चित्र आपण होऊन तुम्हाला हाक मारते. हा दगड काहीच बोलत नाही.

हा मुका दगड प्रथम ज्यांच्या नजरेत भरला, त्यांत स्टीफन हिस्लॉप यांचे नाव घेतले पाहिजे. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, तेच हे स्कॉटलंडचे मिशनरी. धर्मप्रसार हे त्यांचे काम, परंतु दगड, जीवाश्म आणि गोंडांच्या कथा यांचे वेडही तितकेच. सप्टेंबर १८६३ मध्ये मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर ते टाकळघाटची वर्तुळे पाहण्यास गेले. परतताना ओढ्याला पूर आला होता. घोडा एकटाच आला, हिस्लॉप आले नाहीत. त्यांनी गोंडांविषयी जमवलेली टिपणे पुढे टेंपल यांनी १८६६ साली छापून काढली. बिननावाच्या मृतांची थडगी पाहून येताना माणसाने प्राण गमवावे, याला योगायोगच म्हणायचे. पण विदर्भातल्या या संशोधनाच्या आरंभीच एक मरण आहे, हे विसरता येत नाही.

त्यानंतर चारच वर्षांनी, १८६७ साली, रिव्हेट-कार्नाक या सनदी अधिकाऱ्याने जुनापाणीची काही वर्तुळे खणली. निघालेल्या वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला गेल्या. खणण्याची शास्त्रशुद्ध रीत तेव्हा रुळलेली नव्हती. कोणती वस्तू कोणत्या थरात होती, कशाच्या शेजारी होती, हे काटेकोर टिपले गेले नाही. थडग्यातली कुऱ्हाड बाहेर काढून कपाटात ठेवली, की ती लोखंडाचा तुकडा होते. ती हाडांच्या उजवीकडे होती की पायथ्याशी, भांड्याखाली होती की वर, यांतच तिचे सगळे बोलणे असते. पुढे १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. के. थापर यांनी याच जुनापाणीला तीन वर्तुळे नीट खणली, आणि त्यानंतर नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी तर या विषयाला जणू वाहूनच घेतले. १९६८-६९ मध्ये टाकळघाट-खापा, पाठोपाठ माहुरझरी, आणि १९७७ पासून पारशिवनी तालुक्यातले नैकुंड.

देवांच्या कामाचे महत्त्व एका गोष्टीत आहे. शंभर वर्षे लोकांना फक्त थडगीच ठाऊक होती. ही माणसे राहत कोठे होती? की नुसती फिरस्ती टोळकी येऊन मेलेल्यांना पुरून निघून जात होती? टाकळघाटला वस्तीचे पांढरीचे टेकाड सापडले आणि त्यातही थडग्यांतल्यासारखीच, आतून काळी व बाहेरून तांबडी अशी भांडी निघाली. म्हणजे गाव येथे आणि थडगी खाप्याला, असा संबंध जुळला. नैकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली. बाकदार मातीच्या विटा, भात्याचा वारा आत सोडणारी मातीची तोटी, शेजारी कीट. काळ इसवी सनापूर्वी सुमारे ७००. लोखंडाचे ज्ञान आपल्याकडे कोठे, कसे रुजले, या मोठ्या प्रश्नाला हा एक घट्ट पुरावा आहे, आणि तो बिनशेंदराच्या दगडांच्या शेजारी मिळाला.

त्या थडग्यांतल्या कुऱ्हाडी पाहण्यासारख्या आहेत. कुऱ्हाडीला दांडा बसवायला आज आपण भोक पाडतो. या लोकांनी तसे केले नाही. चपट्या पात्याला आडव्या लोखंडी पट्ट्यांचे बंध घालून ते दांड्याला आवळले. लोहार मंडळींनी हे ध्यानात घ्यावे. माहुरझरीला घोड्याचे सांगाडे, त्याच्या तोंडातला लगाम आणि डोक्यावरचे तांब्याचे अलंकार मिळाले. धन्याबरोबर घोडाही पुरला. शेजारी अकीक वगैरे रंगीत दगडांचे मणी. सारांश, घोड्यावर बसणारा, लोखंड बाळगणारा, मण्यांचा शौक असणारा हा समाज होता. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, तेव्हा आज कोणत्याही जातीने किंवा जमातीने घाईने त्याच्यावर हक्क सांगू नये, असे आमचे मत आहे.

आता आपल्या बाजूला पाहा. प्रवरेकाठचे जोर्वे, नेवासे आणि खुद्द नाशिकची मातीची जुनी गढी, येथे १९५० नंतरच्या दशकात डॉ. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनने केली. विदर्भाच्या वर्तुळांपेक्षाही जुन्या, जोर्वे संस्कृतीच्या त्या शेतकऱ्यांची रीत अगदी उलट होती. ते मृताला गावाबाहेर नेत नसत, घरातल्या जमिनीखालीच पुरत. मूल गेले तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवीत. वर खूण काही नाही. चूल पुन्हा पेटायची आणि माणसे त्याच जमिनीवर निजायची. म्हणून आपल्याकडे उभा दगड दिसत नाही, याचा अर्थ माणूस नव्हता असा नव्हे. गंगावाडीला गोदावरीच्या पात्रात मिळालेली दगडी हत्यारे तर याच्याही कितीतरी पूर्वीची आहेत. आपल्याकडे पुरावा जमिनीच्या पोटात राहिला आणि विदर्भात त्याने डोके वर काढले, इतकाच भेद.

जुनापाणीच्या काही शिळांवर वाटीएवढे खळगे आहेत, ओळीने कोरलेले. रिव्हेट-कार्नाकला ते पाहून स्कॉटलंड आठवले, कारण तेथल्या दगडांवरही असेच खळगे आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अलीकडे या खळग्यांच्या दिशा मोजून त्यांचा आकाशाशी संबंध लागतो का, हे तपासले आहे. काही ठरावीक दिशांना झुकाव दिसतो, असे ते म्हणतात. विचार करण्याजोगी गोष्ट आहे. मात्र त्यावरून लगेच प्राचीन वेधशाळा उभारण्याची घाई करू नये. स्कॉटलंड आणि विदर्भ यांचे नाते जोडण्याचीही गरज नाही. दगडावर गारगोटी आपटीत बसले की खळगाच पडायचा, मग माणूस कोणत्याही देशातला असो.

पण स्कॉटलंडचा विषय निघालाच आहे, तर एडिंबरो शहरातला एक दगड सांगितला पाहिजे. फेअरमाइलहेड या उपनगरात, बंगल्यांच्या रांगेत, पदपथालगत नऊ फुटांचा एक तांबूस दगड उभा आहे. त्याला केस्टेन म्हणतात. मागच्या अंगाला ओळीने सहा खळगे. घरे बांधताना त्यांनी तो काढला नाही. कुंपण मागे घेतले आणि दगडाला छोटासा कोनाडा दिला. बाजूने मुले शाळेत जातात. गल्लीचे नावही त्या दगडावरूनच पडले आहे. १९३६ पासून एक राष्ट्रीय विश्वस्त संस्था त्याची देखभाल करते. याहून अधिक काही केलेले नाही, आणि अधिक करण्याची जरुरीही दिसत नाही.

आपल्याकडे दगड वाचतो तो बहुधा देव झाल्यामुळे. शेंदूर हे आपल्या समाजाचे सर्वांत स्वस्त आणि प्रभावी संरक्षण आहे, हे कबूल केले पाहिजे. रस्त्याचा ठेकेदारही शेंदराला वळसा घालतो. भामरागडकडच्या माडिया लोकांत मृताच्या नावाने शिळा उभी करण्याची चाल आहे. तेथे दगडाला नातलग आहेत. जुनापाणीच्या दगडांना देवपण नाही आणि नातलगही नाहीत. त्यांना उरला तो कायदा. १९५८ च्या कायद्याने जुनापाणीची वर्तुळे राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून संरक्षित आहेत, आणि २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे अशा स्थळापासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामास बंदी व त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत परवानगीची अट आहे. पण हे झाले यादीत असलेल्या स्थळांचे. विदर्भात शेताशेतांतून विखुरलेली शेकडो वर्तुळे कोणत्याही यादीत नाहीत. नांगराला आडवा आला म्हणून एक दगड बांधावर जातो, पाया भरायला दोन जातात, मुरूम ट्रॉलीत भरला जातो. या सर्वांत कोणाचा दुष्ट हेतू नसतो. आणि रिंगणातून बाहेर पडलेला दगड पुन्हा ओळखता येत नाही. बांधावरच्या शंभर दगडांत तो एकशेएकावा होतो.

कोणी विचारतील, मग शेतकऱ्याने काय नांगरायचे सोडायचे? आम्ही तसे म्हणत नाही. आपल्याकडेही आता महामार्गामुळे जमिनी उकरल्या जात आहेत, गोदामे आणि वसाहती येत आहेत. गाळ किंवा मुरूम काढताना एखाद्या जागी दगड गोलात बसलेले दिसले. भोवतालच्या खडकाशी न जुळणारा मोठा दगड उभा पुरलेला आढळला. काळी-तांबडी खापरे, राख, हाडे किंवा गंजलेले लोखंड एकत्र निघाले, तर यंत्र दोन दिवस थांबवावे. दगड आहे तेथेच ठेवून चारी बाजूंनी त्याचे छायाचित्र घ्यावे, शेजारी मोजपट्टी ठेवावी, उत्तर दिशा आणि गटनंबर लिहावा, खापर धुऊ नये, आणि तहसील कचेरीला व पुरातत्त्व विभागाला कळवावे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या निखात निधी कायद्यानेच बंधनकारक आहे. पण दगडाला दहा रुपये किंमत कोण देणार, म्हणून तो त्या कायद्यातूनही सुटतो. तेव्हा छायाचित्र तेवढे आठवणीने घ्यावे, आणि ते दगड हलवण्याच्या आधी घ्यावे.